तहानलेलं आर्गोस

ग्रीसमधल्या आर्गोलिक आखाताच्या काठावर तोलो नावाचं लहानसं गाव आहे. वाळूचा लांब अरुंद पट्टा, त्याला लागून जाणारा एकच मोठा रस्ता आणि समोर पाण्यात रोम्वीचं ओसाड बेट. क्रीटमधून आलेल्या निर्वासितांनी एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवलं, आणि पुढं ते मासेमारीवर जगलं. आता ते उन्हाळी पाहुण्यांवर जगतं, पण त्यांची खरी गर्दी जुलै-ऑगस्टमधली. मे सरून जून लागताना खानावळींच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि सकाळी सातला गावातल्या चार-दोन आज्या पोहायला उतरतात तेवढीच किनाऱ्यावरची हालचाल.

ग्रीसला जायचं ठरल्यावर मुक्कामासाठी मी तोलो निवडलं ते अण्णांमुळं. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. रोज सामान बांधून नवी खोली गाठायची त्यांची तयारी नव्हती. "सकाळी जायचं, रातच्याला आपल्या खाटंवर यायचं, असं काय असंल तर येतो," एवढीच त्यांची अट होती. नकाशा उघडून बसले तर या एका गावापासून तासाभराच्या आत मायसीनी, टिरिन्स, एपिडॉरस, आर्गोस, लर्ना आणि नाफ्प्लिओ. तीन-चार हजार वर्षांचा इतिहास, आणि तो आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या जागेत.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं, म्हणजे माणदेशातलं. चारीवरून सायकलनं फिरणं, पाळीचं पाणी कुणाच्या रानात किती वेळ गेलं ते लिहून ठेवणं, कालव्याची गळती शोधणं, यात त्यांची हयात गेली. तोलोत पोचल्यावर सामान खोलीत टाकलं, गच्चीवर गेलो, समोर निळाशार समुद्र. ते समुद्राकडं पाठ करून मागच्या उघड्याबोडक्या टेकड्या बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हितं प्यायाचं पाणी कुठनं येतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण त्या प्रश्नानं आमच्या पुढच्या सगळ्या भटकंतीला दिशा दिली. मी देवळं आणि राजवाडे बघायची यादी करून आले होते. ती यादी बदलली नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी आधी पाणी कुठं आहे ते बघायचं असा नेम पडला. आणि या मुलखाला तो नेम विलक्षण लागू पडतो, कारण ग्रीक महाकवी होमरनं 'इलियड'मध्येच आर्गोसला तहानलेलं म्हटलं आहे.

त्यामागची कथा अशी. या प्रदेशावर हक्क कुणाचा, यावरून हेरा देवी आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात वाद झाला. इथल्या नद्यांनी हेराच्या बाजूनं कौल दिला, त्यात इनाखोस ही मुख्य नदी. चिडलेल्या पोसायडननं त्यांचं पाणी काढून घेतलं. म्हणून इनाखोस फक्त पाऊस पडला की वाहते. आम्ही तिच्या पुलावरून कितीदा गेलो. खाली गोटे, वाळू आणि कण्हेरीची गुलाबी फुलं. माण नदी पाहून मोठ्या झालेल्या माणसाला हे पात्र परकं वाटत नाही.

पुढं इजिप्तहून दानाओस आपल्या पन्नास मुली घेऊन इथं आला. प्यायला पाणी नाही, म्हणून त्यानं मुलींना झरे शोधायला पाठवलं. त्यातल्या अमिमोनीला पोसायडननं लर्नाचा झरा दाखवला, आणि या मुलींनी आर्गोसच्या लोकांना पाणी मिळवून दिलं असं जुने कवी सांगतात. याच मुलींना मेल्यानंतर मिळालेली शिक्षाही प्रसिद्ध आहे: लग्नाच्या रात्री नवऱ्यांना मारलं म्हणून पाताळात गळक्या रांजणात कायम पाणी ओतत राहायचं. मी ही गोष्ट बसमध्ये सांगितली तेव्हा अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. "पाणी शोधून दिलेल्या पोरींना ही शिक्षा?" एवढंच नंतर म्हणाले.

हवामानाची एक गोष्ट त्यांच्या अंगवळणी शेवटपर्यंत पडली नाही. जूनचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडं मृगाची वाट बघायचे दिवस. आभाळ भरून येतं, पेरणीची बियाणं घरात आलेली असतात. भूमध्य समुद्राच्या काठी नेमकं उलटं. तिथं पाऊस हिवाळ्यातला. जून लागला की तो संपलेला असतो आणि पुढचे तीन-चार महिने जवळपास कोरडे जातात. रानातलं गवत तेव्हा पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि ज्यानं हिवाळ्यात पाणी साठवलं नाही त्याला सप्टेंबरपर्यंत आशा नाही. मृगाच्या दिवशी अण्णा सकाळी उठून सवयीनं आभाळाकडं बघत उभे होते. आभाळ स्वच्छ होतं, तसंच ते राहणार होतं.

पहिली फेरी पायीच झाली. तोलोच्या पूर्व टोकाला समुद्रात घुसलेली एक खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर प्राचीन आसिनी. होमरच्या 'इलियड'मधल्या जहाजांच्या यादीत या नगराचं फक्त नाव येतं. १९२२ पासून स्वीडिश पुरातत्त्वज्ञांनी इथं खोदकाम केलं, आणि स्वीडनचा युवराज, जो पुढं राजा सहावा गुस्ताव अडॉल्फ झाला, तोही त्या कामात सहभागी होता. तटाचे मोठमोठे चिरे, वर दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्यानं बांधलेले लढाईचे आडोसे, आणि दोन्ही बाजूंना समुद्र. रानओव्याचा वास येत होता. इथं आम्ही तासभरच थांबलो. सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागतं, झाडी कमी आहे. कुणी जाणार असेल तर आठच्या आत जावं आणि खाली उतरून पोहावं.

मायसीनीला मात्र सबंध दिवस दिला पाहिजे. तोलोहून बसनं नाफ्प्लिओ, तिथून दुसऱ्या बसनं संत्र्यांच्या बागांमधून उत्तरेला. दोन डोंगरांच्या मध्ये एक ठेंगणी टेकडी, तिच्यावर हा गड. सिंहद्वार इसवी सनापूर्वी १२५० च्या सुमाराचं. दारावरच्या त्रिकोणी शिळेत दोन सिंहिणी एका खांबाच्या दोन्ही अंगांना पाय रोवून उभ्या आहेत. त्यांची डोकी वेगळ्या दगडाची बसवलेली होती, ती गेली. दारातून आत शिरलं की उजवीकडं तो वर्तुळाकार दफनभूमीचा खड्डा, जिथं हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकाराला सोन्याचे मुखवटे सापडले. त्यातल्या एकाला जग आगामेम्नॉनचा, म्हणजे ट्रॉयवर चालून गेलेल्या कथेतल्या राजाचा मुखवटा म्हणतं. खरं तर तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा तीनएक शतकं जुना आहे.

श्लीमाननं हे खोदलं ते १८७६ च्या उत्तरार्धात. पाटीवर ते साल वाचलं आणि मी थबकले. आमच्याकडं दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची सुरुवात त्याच साली झाली, तो १८७८ पर्यंत चालला. इथं मजूर मातीतून सोनं काढत होते तेव्हा माणदेशातली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. आमच्या भागाला पाणी देणारा राजेवाडीचा तलाव ब्रिटिश अमदानीत अशाच दुष्काळी कामातून उभा राहिला. अण्णांचे आजोबा त्या तलावाच्या कामावर गेलेल्यांच्या गोष्टी सांगायचे. अण्णांनी त्या गोष्टी मला तिथं, सिंहद्वारापाशी एका दगडावर बसून पुन्हा सांगितल्या. एकाच सालाची दोन टोकं माझ्या हाताशी आली होती आणि मला पुढं चालवेना.

गडाच्या ईशान्य कोपऱ्यात, बहुतेक लोक पोचतात तोवर दमलेले असतात अशा जागी, जमिनीत उतरणारी एक वाट आहे. तिरप्या रचलेल्या प्रचंड दगडांचं छत आणि खाली अंधारात जाणाऱ्या पायऱ्या. तटबंदीच्या खालून जाऊन ही वाट सुमारे अठरा मीटर खोल उतरते. तळाशी टाकं आहे. बाहेरच्या पेर्सिया झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून त्यात आणलं होतं, म्हणजे वेढा पडला तरी शत्रूला झऱ्याची वाट सापडू नये. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरीचं हे काम. गड बांधून झाला होता. तट मुद्दाम पुढं वाढवून हे टाकं त्यात घेतलं.

आम्ही पहिल्या वळणापर्यंत उतरलो. बाहेर अंगाची लाही होत होती आणि तिथं एकदम गारवा. अण्णांनी भिंतीवर तळहात ठेवला. "आगं, ही बारव हाय," ते म्हणाले. आटपाडीकडच्या जुन्या बारवांच्या पायऱ्या अशाच उतरतात, असाच गारवा येतो. मग ते छताचे दगड निरखत राहिले, कमान नसताना एवढा भार कसा तोललाय ते बघत. पर्यटकांचा एक घोळका आला, आत डोकावला, 'काही नाही' अशा अर्थाचं काही बोलून गेला. माझ्या मते मायसीनीत बघण्यासारखी सगळ्यात थोर गोष्ट हीच आहे. अट्रियसची म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार कबर भव्य आहे, तिच्या दारावरच्या आतल्या शिळेचं वजन १२० टनांच्या आसपास सांगतात, आणि हजाराहून अधिक वर्षं एवढा मोठा घुमट जगात दुसरा नव्हता. पण ती एका मेलेल्या राजासाठी होती. या पायऱ्यांवरून जिवंत माणसं घागरी घेऊन चढली-उतरली.

टिरिन्स नाफ्प्लिओच्या अगदी जवळ, चार-पाच किलोमीटरवर, आर्गोसच्या रस्त्याला लागूनच आहे. मायसीनी आणि टिरिन्स या दोन्हींना मिळून १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण टिरिन्सला गर्दी नसते. सकाळी आठला दार उघडलं तेव्हा आम्हीच होतो. इथल्या तटाची जाडी काही ठिकाणी आठ मीटर. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की यातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलवता येणार नाही. हे माणसाचं काम नव्हेच, एकडोळ्या राक्षसांनी रचलं असं पुढच्या ग्रीकांना वाटे. तटाच्या पोटात दगडी बोळ आहेत, वर टोकदार होत गेलेले. राजे गेल्यावर शतकानुशतकं धनगरांनी या बोळांत मेंढरं कोंडली. मेंढरं अंग घासत राहिली आणि त्या राक्षसी दगडांना कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवरासारखी तकाकी आली. अण्णांनी त्या गुळगुळीत दगडावरून हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. माणदेश मेंढपाळांचाच मुलूख.

खालच्या गडाच्या वायव्येला इथंही दोन भुयारं तटाखालून पाण्याकडं जातात. मायसीनीच्या टाक्याचाच काळ. अथेन्सच्या गडावरही त्याच सुमारास अशीच खोल पाण्याची वाट खणली गेली. एकाच पिढी-दोन पिढ्यांत सगळ्यांना पाण्याची काळजी का पडली? वेढ्याची भीती हे एक कारण देतात. इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास पूर्व भूमध्य भागात कोरडे काळ येऊन गेल्याच्या खुणाही अभ्यासकांना गाळातल्या परागकणांवरून मिळाल्या आहेत. मला वाटतं तिथल्या माणसांना कारणांची यादी लागली नसेल. झऱ्याची धार बारीक होत चालली की ते घागरीलाच कळतं.

पण टिरिन्सची खरी गोष्ट गडाबाहेर आहे. गडाच्या पूर्वेला चारएक किलोमीटरवर टेकड्यांच्या तोंडाशी एक बांध आहे, त्याच काळातला. एका मोठ्या पुरात ओढ्यानं खालचं गाव गाळाखाली गाडलं, काही ठिकाणी कित्येक मीटर. त्यानंतर टिरिन्सच्या लोकांनी ओढ्याच्या पात्रात सुमारे दहा मीटर उंच बांध घातला आणि दीड किलोमीटर लांबीचा कालवा खणून सबंध ओढाच दक्षिणेच्या दुसऱ्या पात्रात वळवला. तेव्हापासून ओढा त्याच नव्या वाटेनं जातो. तीन हजार दोनशे वर्षं झाली, तो परत आला नाही.

तिथं जायला आम्ही भाड्यानं गाडी घेतली. तिकीट खिडकी नाही, कुंपण नाही. संत्र्याच्या बागा संपतात तिथं गवतानं झाकलेला उंचवटा, आणि गवत बाजूला सारलं की खाली तेच राक्षसी दगड. मला एकटीला तो बांध ओळखू आला नसता. अण्णा गाडीतून उतरले आणि त्यांची चाल बदलली. निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली, पण चारीवर फिरणाऱ्या माणसाची ती चाल मी लहानपणापासून ओळखते.

"मधी मातीचा भराव, दोन्ही अंगाला दगडाचं पिचिंग," ते म्हणाले. "हितं आपण बी असंच करतो." मग बांधाच्या टोकाला जाऊन त्यांनी ओढ्याचं जुनं तोंड आणि नवं तोंड बघितलं. मी विचारलं, "अण्णा, पाणी साठवायला का नसेल बांधलं?"

"साठवायला न्हाय. यांनी पाण्याला अडवलं न्हाय, पाण्याला वाट दिली. म्हणून टिकलं. अडवलेलं पाणी एक दिवस बांध खातंच."

मायसीनीच्या टाक्यापाशी पाणी कमी म्हणून केलेली धडपड होती, इथं पाणी जास्त झालं म्हणून. एकाच मैदानात, वीस किलोमीटरच्या अंतरात, जवळजवळ एकाच वेळी. आमच्याकडंही तसंच असतं: जानेवारीपासून टँकर आणि एखाद्या ऑक्टोबरात ओढा घरात. राजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रं संग्रहालयात गेली, सोनं अथेन्सला गेलं. हा बांध जिथं होता तिथंच आहे आणि अजून नोकरीवर आहे. त्याच्यापाशी दोन ओळींची धड पाटी असावी असं मला मनापासून वाटतं.

एपिडॉरसच्या वाटेवर आर्कादिको नावाच्या गावाजवळ मायसीनी काळातला पूल आहे. रस्त्यापासून खाली दोन मिनिटांची वाट. चुना नाही, घडवलेले चिरे नाहीत. ओबडधोबड दगड एकमेकांवर पुढं सरकवत नेऊन खाली माणूस वाकून जाईल एवढी मोरी ठेवली आहे. लांबी २२ मीटर, उंची ४ मीटर. वर दोन्ही कडांना दगडी कठडा, रथाचं चाक घसरू नये म्हणून. टिरिन्सहून एपिडॉरसकडं जाणारा तेव्हाचा हमरस्ता यावरून जायचा, आणि आजही शेतावर जाणारी माणसं यावरून जातात. आम्हीही गेलो, आलो. मोरीखाली ओढा कोरडा होता, पण पुलाच्या दोन्ही बाजूंना अडकलेला पाचोळा सांगत होता की हिवाळ्यात पाणी कुठवर चढतं.

एपिडॉरसच्या रंगमंचाबद्दल लोकांनी इतकं सांगितलंय की मी थोडक्यात उरकते. पंचावन्न रांगा, खालच्या चौतीस आधीच्या आणि वरच्या एकवीस नंतर जोडलेल्या. मध्यभागी उभं राहून कुणी नाणं टाकलं, कागद फाडला, की वरच्या रांगेत ऐकू येतं म्हणतात. प्रत्येक घोळक्याचा वाटाड्या ते करून दाखवतो. चुनखडीच्या पायऱ्या गर्दीची खालच्या पट्टीतली कुजबुज गाळून टाकतात, असं अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं. तिथं अजून दर उन्हाळ्यात प्राचीन नाटकं होतात. मला रंगमंचाहून जास्त लक्षात राहिली ती पलीकडची लांबलचक ओसरी. एपिडॉरस मुळात असक्लेपिओस या वैद्यदेवाचं ठिकाण. लांबून रोगी यायचे, आंघोळ करून शुद्ध व्हायचे आणि त्या ओसरीत रात्री निजायचे. स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल या आशेनं. ओसरीच्या एका टोकाला विहीर आहे, ओसरीपेक्षाही जुनी. बऱ्या झालेल्यांच्या हकिकती दगडांवर कोरून ठेवल्या होत्या, त्यातले काही दगड तिथल्या संग्रहालयात आहेत. आई आजारी असताना आम्ही जिथं जिथं नवस बोललो होतो, ती सगळी ठिकाणं मला त्या विहिरीपाशी आठवली. अण्णा विहिरीच्या कठड्याला हात लावून नमस्कार करून पुढं गेले.

नाफ्प्लिओ सुंदर आहे, आणि संध्याकाळी तिथं जावं. स्वतंत्र ग्रीसची राजधानी अथेन्सच्या आधी, १८३४ पर्यंत, इथं होती. पहिले राज्यप्रमुख कापोदीस्त्रियास यांचा १८३१ मध्ये सेंट स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात खून झाला. डोक्यावरचा पालामिदी किल्ला व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ या अवघ्या तीन वर्षांत उभा केला. पायऱ्या ९९९ आहेत असं गाव सांगतं. अण्णा खाली चौकात कॉफी घेत बसले, मी चढून गेले. कॉफीबरोबर न मागता गार पाण्याचा मोठा पेला येतो, हे त्यांना फार आवडलं. तोलोहून हीद्रा बेटाला बोटीनंही जाऊन आलो. तिथं मोटारी नाहीत, ओझी खेचरांवर जातात, आणि जुन्या दर्यावर्दी कप्तानांच्या वाड्यांखाली पावसाचं पाणी धरायचे हौद आहेत.

आर्गोसच्या बाजारातला दिवस वेगळा. भाजीबाजार भरला होता. जर्दाळू, चेरी, भोपळ्याच्या फुलांच्या जुड्या, शेवटचे शेवटचे आर्टिचोक. एका संत्रीवाल्याशी बोलणं झालं, त्याच्या मुलीला इंग्रजी येत होतं. त्यांची बाग मैदानात, समुद्रापासून फार लांब नाही. अण्णांनी माझ्या तोंडून विचारलं, विहीर किती खोल? मुलीनं बापाला विचारलं, बापानं हातानंच दाखवलं: आजोबांच्या वेळी एवढी, माझ्या लहानपणी एवढी, आता... आणि हात खाली जात राहिला. मग त्यानं ओठ मुडपून थुंकल्यासारखं केलं. अण्णांना भाषांतर लागलं नाही. "मचूळ झालं," ते म्हणाले.

हे त्या एका बागेचं नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून मैदानभर संत्र्याच्या बागा झाल्या, विहिरी आणि बोअर पडले, पंप लागले. हिवाळ्यात मुरणाऱ्या पाण्याहून उपसा जास्त झाला, भूजल खाली गेलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत समुद्राचं खारं पाणी आत सरकलं. किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या, पानांच्या कडा करपू लागल्या. गोदामं, बर्फाळ रात्री बागेत हवा फिरवणारे उंच पंखे, रस्त्याच्या कडेनं मैलोगणती हिरवी झाडं, हे सगळं वैभव बसमधून बघताना मी हरखले होते. बाजारातून परतताना तीच हिरवाई बघून छातीत धडधडलं. आमच्याकडं डाळिंबं अशीच आली, बोअर असेच आठशे फुटांवर गेले. फरक इतकाच की आमच्याकडं खाली गेल्यावर धूळ येते, त्यांच्याकडं समुद्र येतो.

म्हणून शेवटी आम्ही आखाताच्या पश्चिमेला गेलो. मिली गावाशी लर्ना. ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस यानं हिद्रा नावाची नऊ डोक्यांची नागीण मारली ती इथल्या दलदलीत. एक डोकं कापलं की दोन उगवायची. पोंटिनोस डोंगराच्या पायथ्याला झरे अजून जिवंत आहेत. शेजारी छपराखाली जपलेलं भाजक्या कौलांचं घर आहे, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं दुमजली घर, अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी १९५० च्या दशकात उजेडात आणलेलं. मायसीनीचे राजे जन्मायच्या कित्येक शतकं आधी इथं कुणीतरी कौलारू घरात राहत होतं, अर्थातच झऱ्यापाशी. इथल्या एका डोहाला तळ नाही म्हणत. नीरो बादशहानं दोऱ्यांना शिसं बांधून खोली मोजायचा प्रयत्न केला आणि तळ लागला नाही, असं पॉसेनियस नोंदवतो.

लर्नाच्या दक्षिणेला कीवेरीपाशी आनावालोस. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि तिथं समुद्राच्या तळातून गोडं पाणी उसळतं. वरच्या आर्केडियाच्या पठारावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चुनखडीच्या विवरांत गडप होतो, डोंगराच्या पोटातून वाहतो आणि इथं बाहेर येतो. जुन्या काळी आर्गोसचे लोक सजवलेले, लगाम घातलेले घोडे या उमाळ्यात पोसायडनला अर्पण करत. आता उमाळ्याभोवती समुद्रात अर्धवर्तुळाकार भिंत आहे. ती खारं पाणी बाहेर ठेवते, आतलं पाणी उपसून कालव्यांनी मैदानाकडं नेतात, त्या मचूळ झालेल्या बागांना.

भिंतीच्या आत पाणी हिरवट, खालून वर येणारे गोल गोल उमाळे. बाहेर निळा समुद्र. अण्णा कठड्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. पंप किती, पाळी किती दिवसांची, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का. त्यांना सांगणारं तिथं कुणी नव्हतं, तरी ते मला विचारत राहिले.

"टेंभूसारखंच की हे," मी म्हटलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं टेंभू योजनेचं पाणी आमच्या तालुक्यात आलं, तेव्हा गावात लोकांनी पाण्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. अण्णा तेव्हा रडले होते.

"तसंच. आणि टेंभूचं पाणी आल्यावर काय लावलं लोकांनी? ऊस." थोडं थांबून म्हणाले, "ह्यांनी बाहेरचं पाणी आलं म्हणून विहिरींचा उपसा कमी केला, का बागा वाढवल्या, ते कळाया पायजे. त्यावर सगळं हाय."

मी म्हटलं की नवं पाणी आलं नसतं तर बागा आणि गावं दोन्ही उठली असती. ते म्हणाले, उठली नसती, कमी पाण्याचं पीक लावलं असतं. आम्ही यावर परतीच्या सगळ्या वाटेवर भांडलो. तोलोच्या किनाऱ्यावर तळलेली छोटी मासळी खातानाही भांडलो. मला अजूनही वाटतं त्यांचं म्हणणं कठोर आहे. आणि टिरिन्सचा बांध आठवला की वाटतं, ते ज्या मापानं बोलतात ते माप माझ्यापेक्षा मोठं आहे.

शेवटचा एक दिवस अथेन्सच्या संग्रहालयासाठी राखून ठेवला होता. मायसीनीचं सोनं बघायचं होतं, आगामेम्नॉनचा तो मुखवटा बघायचा होता. आदल्या रात्री अण्णा म्हणाले, "तू जाऊन ये. मला त्या बांधावर सोड, मी कालवा पायी बघतो." मग मीही गेले नाही. सकाळी सातला टिरिन्सच्या बांधाशी गाडी लावली आणि वळवलेल्या ओढ्याच्या कडेनं दीड किलोमीटर चालत गेलो. अण्णा मध्ये मध्ये थांबून उतार बघत होते, कुठं खणलं असेल, माती कुठल्या अंगाला टाकली असेल ते मला दाखवत होते, आणि मी वहीत लिहून घेत होते.